दुर्मीळपणाचे कौतुक पुरे!

माझ्या पहिल्या कादंबरीत एक गुलमोहर आहे. विशाळगडाच्या वाटेवर, शिवकाळातल्या एका वाड्याच्या दारात तो भर वैशाखात फुलला आहे आणि त्याच्या लाल सड्यावरून नायिका अनवाणी चालत येते. त्या प्रसंगाचे बरेच कौतुक झाले. पत्रे आली. एका वर्तमानपत्राने तेवढा उतारा वेगळा छापला. मग एके दिवशी रत्नागिरीकडच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर अवघ्या तीन ओळींचा होता : ‘गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आपल्याकडे तो आला एकोणिसाव्या शतकात. तुमची नायिका दोनशे वर्षे दारात थांबली होती काय?’

मी पेशाने चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत जो चिकटलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. पोरांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालू नये, एवढे मला कळते. मी त्या वाचकाला आभाराचे पत्र धाडले. परंतु मनातला सल काही जाईना. गुलमोहर नव्हता, तर काय होते? त्या वाटेवर, त्या काळी कोणते झाड फुलत असेल? मला उत्तर देता येईना, आणि मी तर त्याच मुलखात लहानाचा मोठा झालेला! आमच्या गावच्या रस्त्यावरची फुलझाडे एकदा मी मुद्दाम मोजत गेलो. बोगनवेल ब्राझीलची, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचे. बांधावरची घाणेरी तरी आपली असेल म्हणावे, तर तीही अमेरिकेतूनच शोभेची म्हणून आणलेली आणि मग बागेचे कुंपण ओलांडून रानभर माजलेली!

वाचकहो, तुम्ही फराळाचे ताट पुढे ओढून हा अंक चाळीत असाल. चकली तोंडात असू द्या, पण एकदा आपल्या अंगणाकडे किंवा गॅलरीतल्या कुंड्यांकडे नजर टाका. तुळस आणि मोगरा सोडला, तर तिथले किती झाड सह्याद्रीचे आहे? नसले तर त्यात पाप नाही. माझ्याही दारात बोगनवेल आहे आणि ती मी उपटलेली नाही. माझे भांडण परक्या झाडांशी नाही. भांडण आहे ते घरच्या झाडाला ‘दुर्मीळ, दुर्मीळ’ म्हणून दुरूनच ओवाळणाऱ्यांशी.

त्या पोस्टकार्डानंतरच्या मार्गशीर्षात मी माझ्या एका स्नेह्यांबरोबर आंबा घाटात गेलो. हे गृहस्थ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘मास्तर’ म्हणतात, आणि ह्या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे तेवढे आम्ही मान्य केलेले आहे. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली, रस्ता सोडून कड्याच्या कडेने मला थोडे खाली नेले आणि बोट दाखवले. उतारावर, गचपणातून डोके काढून, दोन माणसे उंचीचे एक झुडूप उभे होते. पाने पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची, टोकदार. पण पिंपळासारखी चकचकीत नव्हेत, तर मखमलीसारखी लवदार. आणि फांदीफांदीला, माना खाली घालून, नारिंगी-पिवळ्या घंटा लोंबत होत्या. जवळ जाऊन पाहिले तर पाकळ्यांवर तांबूस शिरांची अशी नाजूक रेघाटी, की माझ्या हातची शून्य नंबरची कुंचलीसुद्धा लाजावी. घंटेतून लोलकासारखा केसरांचा दांडा बाहेर आलेला. एक शिंजीर आला, ह्या घंटेतून त्या घंटेत चोच घालून गेला. मी नुसता पाहत राहिलो.

“सोनघंटा,” सर म्हणाले. “जास्वंदीच्या कुळातली. तुमच्या परसातल्या पेटारीची थोरली बहीण समजा.”

पेटारी, म्हणजे जिला कोणी मुद्राही म्हणतात, ती आमच्या शाळेच्या गटाराकाठी वाटेल तेवढी उगवते. तिची बहीण अशी राजबिंडी असेल हे मला स्वप्नातही आले नसते. मी म्हणालो, “सर, मग हिला कोणी लावत का नाही?”

सरांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू देवळातली मूर्ती घरी न्यायची गोष्ट काढली होती! “मास्तर, ही अतिशय दुर्मीळ वनस्पती आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही. सह्याद्रीच्या ह्या पट्ट्यात, तीही मोजक्या जागी. जागा कोणाला सांगू नका. आणि कादंबरीत तर मुळीच लिहू नका!”

मी शब्द दिला आणि ते वळण मी आजही कोणाला सांगणार नाही. परंतु आंबा घाटाचे नाव घेतले म्हणून सरांनी रागावू नये. ते गुपित १८९४ सालीच छापून झाले आहे. त्या वर्षी लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या पत्रिकेत ह्या झुडपाची शास्त्रीय ओळख पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे दोघे : पुण्याच्या सायन्स कॉलेजातले वुड्रो, ज्यांनी गणेशखिंडीचे वनस्पती उद्यानही सांभाळले, आणि क्यू येथले श्टाफ. पण त्या झाडाला नाव पडले ते ह्या दोघांचे नव्हे. लॅटिनमध्ये ते आहे ‘अब्युटिलॉन रानडेई’. हे रानडे म्हणजे कोणी थोर न्यायमूर्ती नव्हेत. पुण्याच्या त्याच कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळणारे ते एक मराठी गृहस्थ. डोंगरदऱ्या तुडवायच्या, फांद्या आणायच्या, रद्दीत दाबून वाळवायच्या, चिकटवायच्या, चिठ्ठी लावायची. हुद्दा म्हणाल तर साहेबांच्या खालचा. पुढे १९०१ ते १९०८ ह्या काळात थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ निघाला, तो ज्या पायावर उभा राहिला त्यात अशा संग्रहांचा वाटा केवढा!

मला ह्या रानड्यांविषयी विलक्षण आपुलकी वाटते. मोठी पदवी नसलेल्या माणसाला ती वाटणारच. पुतळे पुष्कळांचे होतात. जिवंत झाडाच्या अंगावर किती मराठी माणसांचे नाव आहे? आणि ते झाड आपण कोणी ओळखत नाही! माझ्या वर्गातल्या साठ मुलांना मी विचारले. गुलाब, झेंडू, जास्वंद, कमळ. पाचव्या नावाला गाडी अडली. मुलांना काय बोल लावायचा? आमच्या मराठी लेखकांची तरी गाडी कुठे पुढे जाते? प्राजक्त, बकुळ, रातराणी आणि गुलमोहर ह्या चौघांच्या जिवावर आम्ही किती पावसाळे नि किती विरह साजरे केले आहेत, आणि त्यातली रातराणीसुद्धा अमेरिकेची निघाली. मी स्वतःला ह्यातून वगळत नाही.

आता सरांच्या पंथाकडे वळतो. हा पंथ मोठा आहे आणि त्यातली माणसे भली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचे म्हणणे असे : झाड जिथे आहे तिथेच ते शोभते. त्याचा पत्ता लोकांना कळला की लोक ते ओरबाडतात. बागेत आणलेले रानझाड म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. तेव्हा गप्प राहावे, हेच संरक्षण.

ह्यातला पहिला भाग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मी डोळ्यांनी पाहिले आहे. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, भजी खाऊन होतात, आणि मग कोणीतरी हौशी गृहस्थ एखादे फुललेले झुडूप पाहून म्हणतो, “हे आपल्या बंगल्यात छान दिसेल!” गाडीतला जॅकचा दांडा हत्यार होतो. मुळे तुटतात, माती झडते, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले ते झाड घरी पोहोचेपर्यंत निम्मे मेलेले असते आणि आठवड्यात पुरते मरते. जंगलखात्याच्या जमिनीतून झाड उपटणे हा गुन्हा आहे, हे त्याला माहीत नसते. आणि माहीत असले तरी गुन्हा वाघ मारला तर होतो, झुडपाचा कसला गुन्हा, अशी आपली एकूण समजूत! अशा माणसाविषयी लिहिण्यात मी शाई घालवणार नाही. दिवाळीच्या अंकात शिव्या शोभत नाहीत.

पण सर, तुमचे ‘गप्प राहावे’ हे मला पटत नाही. गप्प राहून कोण वाचले? ज्या झाडाला कोणी ओळखत नाही, ते तुटले तरी कोणाला कळत नाही. घाटातला रस्ता रुंद करताना कडा कापला जातो, तेव्हा यंत्रावरच्या पोराला कोणी सांगितले आहे काय, की बाबा, ही नुसती झुडपे नाहीत? दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावतात, कोणी चारा चांगला यावा म्हणून, कोणी उगीच गंमत म्हणून. त्या आगीत काय जळते हे गावाला ठाऊक नसेल, तर गाव ती आग विझवायला कशाला धावेल? पश्चिम घाटाला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. आमच्या शेजारचे चांदोली, कोयना, राधानगरी, सगळे त्या यादीत आहे. आनंद आहे. पण यादी ही यादी असते. ती वाचून कोणाला झाडाची माया लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माया लागते ती हाताने वाढवल्यावर. तुळशीला कोणी दुर्मीळ म्हणते काय? प्राजक्त नामशेष होईल ह्याची कोणाला चिंता आहे काय? ती झाडे घरोघर आहेत, म्हणून सुखरूप आहेत. शिवनेरीच्या कड्यांवर ‘शिंदळ माकुडी’ नावाची एक मांसल वनस्पती आहे. डॅल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती एकोणिसाव्या शतकात नोंदवली. जगातल्या अति धोक्यातल्या वनस्पतींत तिचे नाव एके काळी घेत. पण तिची फांदी खोचली की ती कुंडीत लागते, हे ध्यानात आले आणि आज ती कितीतरी बागांत, परदेशातल्या काचघरांतसुद्धा तांबड्या चांदण्या फुलवीत बसली आहे. कड्यावरचा तिचा धोका त्यामुळे टळला, असे मी म्हणत नाही. कडा तो कडाच, त्याची राखण वेगळीच केली पाहिजे. पण वंश बुडायची भीती गेली, आणि हजारो माणसे तिला नावाने ओळखू लागली, हे काय थोडे झाले?

पोपटाचा दृष्टांतही लंगडा आहे. पिंजऱ्यातला पोपट ढोलीतून चोरलेला असतो. बियांतून वाढवलेले रोप कोणाची ढोली रिकामी करीत नाही.

एवढे सगळे मी सरांना ऐकवले. ते हसले. “मास्तर, भाषण झकास. पण तुम्ही करून दाखवाल काय?”

मग मात्र माझी पंचाईत झाली.

बी कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. रानातून फांदीसुद्धा तोडायची नाही, हे मीच घसा फोडून सांगत होतो. शेवटी सरांच्याच ओळखीने, बागेत वाढवलेल्या एका झाडाची सुकलेली फळे मिळाली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ झाडांची जोपासना करतात, आणि अलीकडे केवळ देशी झाडे वाढवणाऱ्या रोपवाटिकाही निघाल्या आहेत. तिथे विचारावे. पण विचारताना एक प्रश्न अगदी निर्लज्जपणे विचारावा : “हे रोप कशाचे? बियाचे, छाटाचे, की रानातून उपटलेले?” उत्तर देताना माळी घुटमळला, तर रिकाम्या हाताने परत यावे. आपण पैसे मोजले की तो पुढच्या आठवड्यात आणखी दहा उपटून आणतो.

पहिल्या वर्षी मी चाळीस बिया थेट कुंडीत पेरल्या आणि रोज झारीने पाणी घातले. एकही उगवली नाही. सहावीतली एक मुलगी मला रोज विचारी, “सर, आज?” आणि मी म्हणे, “उद्या.” महिन्याभराने तिने विचारणे सोडले, ते मला फार लागले. मागाहून कळले, की ह्या कुळातल्या बऱ्याच बियांचे कवच टणक असते. घरी आई अंबाडीचे, भेंडीचे बी रात्रभर भिजत घालून मगच टोचते, हे मी जन्मभर पाहत आलो होतो. पण दुर्मीळ झाडाला आईचा नियम लागू पडेल असे मला वाटलेच नाही! बघा, ‘दुर्मीळ’ हा शब्द माणसाला कसा आंधळा करतो.

दुसऱ्या वर्षी पाणी उकळले, उतरवून ठेवले, बोट सोसवेल इतके निवल्यावर त्यात बी टाकले आणि रात्रभर राहू दिले. सकाळी जे फुगले ते वेगळे काढले. जे फुगले नाही, ते सँडपेपरवर एकदा हलकेच घासून पुन्हा भिजवले. मे महिन्याच्या अखेरीस पेरले. चाळिसांतून अकरा रोपे वर आली. ती मुलगी तेव्हा सातवीत गेली होती. पहिले अंकुर तिनेच पाहिले आणि घंटा व्हायच्या आत सगळी शाळा गोळा केली.

माती कशी घ्यावी? ज्याने तिला घाटात उभी पाहिली, त्याला हे सांगावे लागत नाही. ती उतारावर राहते. मुळाशी पाणी धो धो येते आणि तसेच वाहून जाते, थांबत नाही. तेव्हा एक हिस्सा तांबडी माती, एक हिस्सा कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत आणि एक हिस्सा जाड वाळू किंवा बारीक खडी. आमच्या इकडची काळी माती नुसती घालाल तर मुळे कुजतील. बी अर्ध्या पेराहून खोल पुरू नये. कुंडीच्या भोकावर खापर ठेवावे, आणि कुंडीखाली बशी ठेवण्याची शहरी पद्धत ह्या झाडापुरती सोडून द्यावी. फरशी ओली होते म्हणून कुरकुर होईल. होऊ द्यावी.

रोप वीतभर झाले की पिशवीतून जमिनीत लावावे. वेळ पावसाळ्याच्या सुरुवातीची, म्हणजे पाऊसच त्याला रुजवतो. जागा अशी, की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारच्या झळा लागणार नाहीत. घराची पूर्वेची बाजू, आंब्या-फणसाची विरळ सावली. जमीन सपाट असेल तर दगड-माती रचून हातभर उंचवटा करावा आणि त्यावर लावावे. गॅलरीत लावणाऱ्यांनी मोठी कुंडी घ्यावी, निदान चौदा-सोळा इंची. पण मग झाड पुरुषभर उंचीच्या आत राहील, हे समजून घ्यावे. पावसाळा संपला की पाणी कमी. माती वरून दोन बोटे सुकल्याशिवाय झारी उचलायची नाही. आमच्या बायका-मुलींना झाड सुकलेले दिसले की मायेने पाणी ओतायची सवय असते. ह्या झाडाच्या बाबतीत ती माया आवरावी लागते. आमच्या घरी ह्यावरून दोनदा अबोला झाला.

छाटावरूनही ती येते. ज्येष्ठ-आषाढात, धड कोवळी नाही नि धड जून नाही अशी पेन्सिलीच्या जाडीची फांदी, तीन-चार डोळ्यांची, तिरकी कापावी. खालची पाने काढावी, वरची अर्धी कातरावी आणि ओलसर वाळूमिश्रित मातीत सावलीला खोचावी. माझी दहातली चार लागली. कोणाची अधिक लागतील, माझा हात काही माळ्याचा नाही. पण जमेल तिथे बीच लावा, असे मी आग्रहाने सांगेन. छाटाची सगळी झाडे एकाच आईची नक्कल. एका रोगाला एकदम बळी पडायची. बियाचे प्रत्येक झाड वेगळ्या नशिबाचे.

शत्रू एकच मोठा, पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर पांढरा कापूस धरतो तोच. शेजारी जास्वंद असेल तर आधी तिच्याकडे पाहावे. थोडा असला तर जुन्या दात घासायच्या ब्रशाने, साबणाच्या पाण्यात बुडवून, घासून काढावा. जास्त झाला तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा कडुलिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. फुले येऊन गेल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी फांद्या थोड्या मागे छाटाव्या. पण बी हवे असेल तर फळे वाळून फुटू लागेपर्यंत धीर धरावा.

पहिल्या वर्षी फूल येणार नाही. माझ्याकडे तिसऱ्या हिवाळ्यात आले. ज्यांना नाताळात कुंडी आणून नाताळातच फूल हवे, त्यांनी दुसरे काही लावावे.

आणि एक गोष्ट, जी सरांनी मला बजावली आणि जी मी निमूट मान्य केली : घरी वाढवलेले रोप हौसेने नेऊन घाटात लावायचे नाही. कुठले बी कुठल्या डोंगराचे, त्याबरोबर कोणता रोग जाईल, हे आपल्याला कळत नाही. रानात परत लावण्याचे काम जाणत्यांचे. आपले काम अंगणापुरते. ह्या मुद्द्यावर सर जिंकले.

आता शाळेत काय झाले तेही सांगतो. अकरांतली सात रोपे जगली. दोन मी घरी लावली, पाच शाळेच्या कुंपणाशी. कमरेएवढी झाली होती. जुलै महिना आला, आणि जुलै म्हणजे वृक्षारोपण. कोणी पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले, कुंपणाशी थांबले आणि शिपाईमामांना म्हणाले, “ही जंगली झुडपे काढा. इथे पाहुण्यांच्या हस्ते पाम लावायचे आहेत.” मी तिसरीच्या वर्गात कमळ काढीत होतो. मामा धावत आले. मी हातातल्या खडूसह पळत गेलो, तोपर्यंत तीन उपटून झाली होती.

मी म्हणालो, “साहेब, ही सोनघंटा आहे. जगात फक्त आपल्याकडे आहे.”

ते म्हणाले, “मास्तर, मग बोर्ड नको का लावायला?”

मला राग आला होता. परंतु रात्री घरी विचार करताना वाटले, की ह्या माणसाने एका वाक्यात माझी बाजू मांडली. त्यांना ठाऊक नव्हते. कोणी सांगितले नव्हते. आम्ही जाणते म्हणवणारे सगळे गुपित राखीत बसलो होतो! दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी पाम लावले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सप्टेंबरात त्यांतले दोन सुकले. ते कसले पाम आणि कुठल्या बेटावरचे, हे लावणाऱ्यांपैकी कोणाला सांगता आले नसते. दर पावसाळ्यात आपल्या देशात किती खड्डे खणले जातात आणि त्यांत काय पुरले जाते ह्याचा हिशेब कोणी मागत नाही. जे झाड रोपवाटिकेत स्वस्त आणि सरळसोट, ते लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी उभे राहून आपण सह्याद्री सोडून सगळे जग लावतो!

वाचलेल्या दोन झाडांना आम्ही बोर्ड लावला. अक्षरे माझी, चित्र सातवीतल्या त्या मुलीचे. त्यावर ‘दुर्मीळ’ हा शब्द नाही. ‘सोनघंटा. जास्वंदीची नातेवाईक. मार्गशीर्षात फुलते. आंबा घाटात रानड्यांना सापडली,’ एवढेच आहे. गेल्या हिवाळ्यात पोरांनी फुले मोजण्याची स्पर्धा लावली होती, आणि एका पोराने घरी जाऊन आज्याला सांगितले, तर आजा म्हणाला, “अरे, ही तर आमच्या वरच्या कड्याला होती, गुरे राखताना बघितलीया.” तो म्हातारा काठी टेकत शाळेत आला, बोर्डापाशी उभा राहिला, पान चोळून वास घेतला आणि म्हणाला, “हीच.” त्या वरच्या कड्यावर आता ती आहे की नाही हे पाहायला सर आणि मी ह्या मार्गशीर्षात त्याच्या नातवाला घेऊन जाणार आहोत. वाट म्हातारा सांगणार आहे. जागा आम्ही छापणार नाही. पण गावाला कळवू, कारण गाव तिथेच राहते.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. गुलमोहर काढून तिथे सोनघंटा घालावी असा मोह झाला. पण नायिका वैशाखात येते आणि सोनघंटा फुलते मार्गशीर्षात. म्हणजे पुन्हा पोस्टकार्ड यायचे. शेवटी मी नायिकेलाच पाच महिने आधी आणले, लग्नाची तिथी बदलली, दोन प्रकरणे नव्याने लिहिली. प्रकाशक वैतागले आहेत.

बी फाल्गुनाच्या सुमारास हाती येईल. शाळेतली मुले जुन्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे करून त्यांत पाच-पाच बिया भरणार आहेत. पाकिटावर उकळत्या पाण्याची सूचना मोठ्या अक्षरांत असेल. पहिले पाकीट अध्यक्षांच्या घरी जायचे आहे. वहिनींनी मागून ठेवले आहे.